ताण मोजाल, पण पुढे काय?

केमोच्या आधी पेशंटचं वजन घेतात, बीपी बघतात, रक्ताचे रिपोर्ट तपासतात. ‘गेल्या आठवड्यात टेन्शन किती होतं?’ हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. खरं तर त्याचंही साधं माप आहे. नाव ‘डिस्ट्रेस थर्मामीटर’.

कागदावर थर्मामीटरचं चित्र, ० ते १० आकडे. आठवडाभरात जेवढा त्रास वाटला, त्या आकड्याला पेशंटने गोल करायचा. आकडा ४ किंवा त्याहून जास्त आला, की कुणीतरी बसून नीट बोलायला हवं. सोबत एक यादी असते : पैसे, प्रवास, मुलांची काळजी, झोप, भीती. नेमकं कुठे अडलंय ते त्यातून कळतं. न्यूयॉर्कच्या डॉ. जिमी हॉलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात ही पद्धत रुजवली. ‘मानसिक आजार’ म्हटलं की लोक बिचकतात, म्हणून त्यांनी मुद्दाम ‘डिस्ट्रेस’ हा साधा शब्द घेतला. अमेरिकेत ‘कमिशन ऑन कॅन्सर’ची मान्यता हवी असेल, तर २०१५ पासून अशी तपासणी करावीच लागते.

आपल्याकडे हा विषय आत्ताच काढायचं कारण म्हणजे २०२५-२६चा केंद्रीय अर्थसंकल्प. तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कॅन्सर सेंटर, त्यातली २०० पहिल्याच वर्षी, अशी घोषणा त्यात झाली. केमो घराजवळ मिळाली, तर मोठाच भार हलका होईल. परळच्या टाटा हॉस्पिटलबाहेर फूटपाथवर मुक्काम करणाऱ्या कुटुंबांना विचारा. आजाराइतकीच चिंता राहायचं कुठे आणि बुडालेल्या मजुरीचं काय, याची असते.

पण या नव्या सेंटरमध्ये फक्त सलाईन लावून घरी पाठवणार का? तिथे हा कागद ठेवायला खर्च जवळपास शून्य आहे. अडचण वेगळीच आहे. आपल्याकडे अनेक घरांत ‘त्यांना सांगू नका हं’ म्हणत पेशंटपासूनच कॅन्सर लपवतात. नातेवाईक शेजारी उभे असले, की पेशंट ‘बरंय सगळं’ म्हणून मोकळा होतो. त्यामुळे हा प्रश्न एकट्याला, त्याच्या बोलीत आणि तोंडी विचारायला हवा.

दुसरी अडचण त्याहून मोठी. आकडा ८ आला, तर पाठवायचं कुणाकडे? नुसता फॉर्म भरून घेतल्याने त्रास कमी होत नाही, हे परदेशातल्या काही अभ्यासांतही दिसलंय. ‘पैसे’वर खूण करणाऱ्याला समाजसेवा अधीक्षक हवा, महात्मा फुले जनआरोग्य योजनेची कागदपत्रं मार्गी लावून देणारा. ‘भीती’वर खूण करणाऱ्याला समुपदेशक हवा. तो जागेवर नसेल, तर निदान टेलिमानसचा १४४१६ हा मोफत नंबर तरी हातात द्यावा. माणसं नेमली नाहीत, तर हा कागद फाइलमधला आणखी एक कागद होऊन बसेल.

आणि फाइल घेऊन रांगेत उभं असतं कोण? बऱ्याचदा आपल्याच वयाचं कुणीतरी, लेक्चर किंवा नोकरीला दांडी मारून आलेलं. त्याचा आकडा किती, हेही विचारायला हवं. तुमच्या जिल्ह्यात सेंटर सुरू होईल, तेव्हा बेड किती हे विचाराच, पण समुपदेशकाचं पद भरलंय का, हेही विचारा.