"मदरबोर्ड गेलाय" म्हणे!

डेस्कटॉप सुरू होईना झाला की दुकानदाराचं वाक्य ठरलेलं, "मदरबोर्ड गेलाय साहेब, आता नवीनच घ्या." आणि दिवसभर ऑफिसात दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधणारे आपण कॅबिनेटचं झाकणही न उघडता मान डोलावतो. मला राग दुकानदाराचा नाही, आपला येतो. त्याला माल विकायचाय. आपल्याला काय झालंय?

मंडळी, डेस्कटॉप ही एक वस्तू नाहीच. सात-आठ सुट्या वस्तूंची ती मोट आहे. त्यातली नेमकी कुठली गेली हे कळल्याशिवाय 'दुरुस्त करू की मोडीत काढू' हा प्रश्नच चुकीचा!

पंखासुद्धा फिरत नाहीये? कुणाचा तरी चालू एसएमपीएस लावून बघा. (आपला एसएमपीएस मात्र उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.) पंखे फिरतात, पण स्क्रीन काळी? रॅम काढा, सोनेरी कडेवर खोडरबर फिरवा, एकेक करून परत बसवा. बंद केल्यावर तारीख-वेळ मागे जाते? सीआर२०३२, ३ व्होल्टचा बटणासारखा सेल. बस्स! यात हार्डवेअरची पदवी लागत नाही, एकेक शक्यता बाद करत जायचं. रोज वेगळं काय करतो आपण?

आणि मदरबोर्ड खरंच गेला असेल तर? तर मात्र उगाच जीव गुंतवू नका. जुन्या सॉकेटचा नवा बोर्ड सहसा मिळत नाही. नवा बोर्ड घेतला की प्रोसेसर बदला, आणि डीडीआर३ रॅम डीडीआर४ च्या स्लॉटमध्ये बसत नाही म्हणून तीही बदला. इथे मोडीत काढणंच शहाणपणाचं. पण मोडीत काढणं म्हणजे फेकणं नव्हे! एसएसडी, हार्डडिस्क, कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्ड, धड असेल तर एसएमपीएससुद्धा... हे सगळं नव्या मशीनला चालतं. बोर्ड तेवढा नोंदणीकृत रिसायकलरकडे द्या. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले ई-कचऱ्याचे नियम त्यासाठीच आहेत.

'एक्स्चेंज'मध्ये अख्खं मशीन देणाऱ्यांना तर कोपरापासून नमस्कार. दोन-चारशे रुपयांसाठी घरातले फोटो, बँकेची स्टेटमेंट्स, पॅन कार्डाचं स्कॅन, सगळं हार्डडिस्कसकट अनोळखी माणसाच्या हातात!

तेव्हा नवीन घ्यायचा तर खुशाल घ्या. पण आधी एक स्क्रू-ड्रायव्हर घ्या.