अडलेला हात आणि हरवलेले सय्यद

जूनमध्ये एका फजरला नमाजसाठी उभी राहिले, तकबीरसाठी दोन्ही हात उचलले, आणि उजवा खांद्यापाशी गेला, डावा मात्र छातीसमोरच अडला. जोर लावला तर खांद्यापासून कोपरापर्यंत कळ गेली. तशीच नमाज पुरी केली. तकबीरला हात उचलणं सुन्नत आहे, जेवढा उचलतो तेवढा उचलावा, हे मला माहीत होतं. आजाऱ्याला आपल्या दीनने किती सवलत दिली आहे, ते मी मुलांना शिकवतेही. पण सजद्यातून उठताना त्या हातावर भार येईना, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं.

खरं तर खांदा फेब्रुवारीपासूनच बोलत होता. रात्री त्या कुशीवर झोपता येत नव्हतं. ओढणीची पिन मागे लावायला लेकीला हाक मारावी लागे. दोरीवर कपडे वाळत घालताना एकाच हाताने कसरत. सासूबाई म्हणाल्या, वारा धरलाय, शेकून घे. शेजारच्या आपांनी एक मालिशवाली पाठवली. तिने हात धरून असा काही मागे ओढला, की ती रात्र मी बसून काढली. (बहिणींनो, हे मात्र कुणी करू नका. अडलेला खांदा जबरदस्तीने ओढला की दुखणं वाढतं.) असे चार महिने गेले.

डॉक्टरांनी हात दोन-तीन दिशांना फिरवून पाहिला आणि नाव सांगितलं, फ्रोझन शोल्डर. खांद्याच्या सांध्याभोवती एक आवरण असतं. ते सुजतं, जाड होतं, आकसतं, आणि हात त्यात बांधल्यासारखा होतो. बहुतेक 40 ते 60 या वयात होतो, पुरुषांपेक्षा बायकांना जास्त. आधी दुखणं, मग आखडणं, मग सावकाश सुटणं. सगळ्याला मिळून एक ते तीन वर्षंही लागतात. पुढे त्यांनी विचारलं, ‘‘शुगर कधी तपासली होती?’’ कधीच नाही. हा त्रास मधुमेह आणि थायरॉईड असलेल्यांना जास्त होतो म्हणे. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी रक्ततपासणी केली. 6.5 पासून मधुमेह धरतात, माझी 7.1 निघाली. चार महिने मी बाम चोळत होते तो खांदा मला हेच सांगत होता की काय, कोण जाणे.

मग व्यायाम सुरू झाला. व्यायाम म्हणजे काय, तर भिंतीसमोर उभं राहून बोटांनी भिंत चढायची, मुंगी चढते तशी. चांगला हात टेबलावर टेकून, वाकून, दुखरा हात सैल सोडून झोके द्यायचे. टॉवेल पाठीमागे धरून वर-खाली. आधी शेक, मग हे सगळं, दिवसातून तीनदा दहा-दहा मिनिटं. इतकं कंटाळवाणं काम मी आयुष्यात केलेलं नाही. घाम येत नाही, दम लागत नाही, नुसतं दुखतं. आणि काल जिथे बोट पोचलं तिथेच आजही पोचतं. आठवडाभरात मी तीनदाचं एकदा केलं, मग एकाआड एक दिवस.

त्याच दिवसांत शाळेत आठवीची यादी माझ्या गळ्यात पडली. आमची शाळा उर्दू माध्यमाची, यादी उर्दूत. दोन वर्गांच्या याद्या एकत्र करून पालकांना पत्रं काढायची होती. कॉम्प्युटरवर ‘सय्यद’ शोधलं तर पाच सापडले. कागदावर मोजले तर अकरा. पुन्हा शोधलं, पाचच. सहा सय्यद डोळ्यांसमोर दिसताहेत आणि यंत्र म्हणतंय, नाहीत! त्यात उर्दू उजवीकडून, मराठी डावीकडून. एका ओळीत दोन्ही आले की कंस उलटे होऊन दुसऱ्याच नावाला जाऊन चिकटत. रात्रीचा एक वाजला, मी हटले नाही. खांदा ठणकत होता, शेकाची पिशवी टेबलावरच गार झाली.

लेक पाणी प्यायला उठली. म्हणाली, ‘‘अम्मी, त्या सय्यदांसाठी चार तास बसलीस. हातासाठी दहा मिनिटं नसतात का गं तुझ्याकडे?’’

मी तिला झोपायला पिटाळलं. पण नंतर बराच वेळ मला झोप आली नाही. यादीची विचारणा हेडमास्तर करतात, पत्र मिळालं नाही तर पालक करतात. खांद्याची विचारणा करणारं कुणी नव्हतं, म्हणून तो मागे राहिला. घरात सगळ्यांच्या गोळ्यांच्या वेळा मला पाठ आहेत. सासूबाईंची शुगर दर तीन महिन्यांनी मीच तपासून आणते, त्याच दुकानात, त्याच खुर्चीशेजारी उभी राहून.

सय्यदांचं कोडं दुसऱ्या दिवशी सुटलं. एका वर्गाची यादी कुणीतरी अरबी कीबोर्डवर टाइप केली होती. अरबी ‘ये’ आणि उर्दू ‘ये’ शब्दाच्या मध्ये आले की डोळ्यांना अगदी सारखे दिसतात, पण कॉम्प्युटरच्या लेखी ती दोन वेगळी अक्षरं, दोघांचे क्रमांक वेगळे. सगळ्या अरबी ‘ये’ एकदम बदलल्या आणि अकराच्या अकरा सय्यद हजर झाले. दोन मिनिटांचं काम. कंसांसाठीही उपाय निघाला. उर्दू कीबोर्ड घातलेला असेल तर कंट्रोल आणि उजवीकडची शिफ्ट एकत्र दाबली की ओळीची दिशा फिरते.

खांद्याला अशी कुठलीच कळ नाही. म्हणून मी पॅसेजच्या भिंतीवर, जिथे मुलांच्या उंचीच्या जुन्या खुणा आहेत, तिथेच पेन्सिलीने माझ्या बोटाची खूण करायला लागले, दर जुम्माला एक. पहिल्या चार खुणा एकमेकींवरच बसल्यात, नुसती जाड रेघ दिसते. पाचवी अर्धं बोट वर गेली. शुगरच्या गोळ्या सुरू आहेत, आणि संध्याकाळच्या चहात साखर नाही, हे सासूबाईंना अजून पटलेलं नाही.

आता सप्टेंबर उजाडलाय. फजरला डावा हात अजून उजव्याच्या बरोबरीने जात नाही. परवा खूण करताना लेक मागे उभी होती. तिने पट्टी आणली, मोजलं, आणि म्हणाली, ‘‘सहावीत मी इथे होते.’’