रस संघाचा, चिपाड खेळाडूचं

31 जानेवारी 1999 च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, दोन रनिंग बॅक, म्हणजे चेंडू हातात घेऊन धावणारे खेळाडू, समोरासमोर होते. डेन्व्हरचा टेरेल डेव्हिस आणि अटलांटाचा जमाल अँडरसन. त्या हंगामात, प्लेऑफ सोडूनच, डेव्हिसने 392 वेळा चेंडू घेऊन धाव घेतली होती, अँडरसनने 410 वेळा. पुढच्या हंगामात अँडरसनचा गुडघा दुसऱ्या सामन्यात गेला, डेव्हिसचा चौथ्या. तिशी गाठण्याआधीच डेव्हिसची कारकीर्द संपली.

याला दुर्दैव म्हणणाऱ्यांचा मला संताप येतो. हा थंड डोक्याने केलेला हिशेब आहे. अमेरिकी फुटबॉलच्या एनएफएल या लीगमध्ये ड्राफ्टमधून, म्हणजे संघांनी पाळीपाळीने केलेल्या निवडीतून, आलेल्या खेळाडूचा करार चार वर्षांचा असतो. पहिली तीन वर्षं त्याला पगारवाढीची बोलणीसुद्धा करता येत नाहीत. रनिंग बॅकचे पाय ताजे असतात ते याच वर्षांत. आधी चरकात घालून पिळायचं आणि मग चिपाडाला कसला भाव म्हणून तोंड फिरवायचं, ही संघमालकांची नीती आहे.

जॉश जेकब्जचं उदाहरण घ्या. रेडर्स संघाने त्याचा चार वर्षांचा करार पाचव्या वर्षासाठी वाढवायला नकार दिला आणि 2022 मध्ये त्याला 340 वेळा पळवलं. 1653 यार्ड काढून तो लीगमध्ये पहिला आला. त्यावर त्याला मिळाला फ्रँचायझी टॅग: एका वर्षाचे सुमारे 1 कोटी डॉलर आणि दुसरीकडे जायची वाट जवळजवळ बंद. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकचा टॅग तेव्हा 3 कोटी 24 लाखांचा होता. दर खेपेला अंगावर दोन-तीन धिप्पाड माणसं कोसळतात ती कुणाच्या?

डेरिक हेन्रीचं नाव पुढे करू नका. तिशीत 1921 यार्ड काढणारा हेन्री अपवाद आहे, आणि 2020 मध्ये 378 वेळा धावल्यावर पुढच्या वर्षी आठव्या सामन्यात त्याचंही पाऊल मोडलं होतं. लॅरी जॉन्सनला कॅन्सस सिटीने 2006 मध्ये 416 वेळा पळवलं. तो विक्रम आजही उभा आहे. जॉन्सनला पुन्हा एकदाही हजार यार्ड गाठता आले नाहीत.

खेळाडू संघटनेने रनिंग बॅकसाठी वेगळा नियम मागायलाच हवा: दोन वर्षांनी नव्या कराराचा हक्क. सध्याचा सामूहिक करार 2030 च्या हंगामापर्यंत चालणार आहे. तोवर येणारा प्रत्येक पोरगा याच अटींवर सही करणार.