रुंदी वेगळी, उंची एक

माझ्याकडे स्पोर्ट्‌स कार नाही, हे आधीच सांगून टाकतो. सरकारी कारकुनाच्या दारात ती उभी दिसली तर लोक टायरची नव्हे, वेगळ्याच गोष्टींची चौकशी करतील! पण गाड्यांचं वेड गोवेकराला नवं नाही. १९६१ पूर्वी पलीकडे भारतात आयातीवर कडक निर्बंध होते, तेव्हा आमच्याकडे परदेशी गाड्या रस्त्यावर धावत होत्या. घरातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात ओपेल, मर्सिडीज ही नावं नात्यातल्या माणसांसारखी येत. ते वेड रक्तात आलेलं आहे, म्हणून हा लेख. आणि थोडासा रागही आहे.

राग आहे तो जुन्या स्पोर्ट्‌स कारला मागे जाडजूड टायर चढवण्याच्या फॅशनवर. जुन्या गाड्यांचा मेळा असो, मासिक असो की इंटरनेट, मागून काढलेला फोटो हमखास असतो, आणि त्यात गाडीपेक्षा टायरच जास्त दिसतात. मालकाला विचारावं तर उत्तर ठरलेलं: "पोर्शेला नसतात का मागे रुंद?"

असतात. पण का असतात, कधीपासून असतात आणि किती रुंद असतात, हे विचारायला कुणी थांबत नाही. म्हणून पोर्शेचीच गोष्ट सांगतो.

पोर्शे ९११ लोकांसमोर आली १९६३ साली, फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात. तेव्हा तिचं नाव ९०१ होतं. मधे शून्य असलेले तीन आकडी क्रमांक आमचे, असं पूजो कंपनीने बजावल्यावर ते ९११ झालं. (एक आकडा बदलायला आमच्या खात्यात किती महिने लागले असते, कोण जाणे.) या गाडीचं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे टांगलेलं. साधारण ६० टक्के भार मागे, ४० टक्के पुढे. आणि गंमत म्हणजे चारही टायर एकाच मापाचे, १६५ एचआर १५, साडेचार इंची अरुंद रिमवर.

याचा परिणाम काय होतो? वळणावर प्रत्येक टायर थोडा तिरका सरकतो. ज्याच्यावर भार जास्त, तो जास्त सरकतो. ९११ मध्ये तो मागचा. त्यात चालकाने घाबरून वळणाच्या मध्येच ॲक्सिलरेटर सोडला की भार पुढे झुकतो, मागच्या टायरची पकड सुटते आणि इंजिनाचं वजन लंबकासारखं बाहेर फेकलं जातं. तोंड कुठे आणि शेपूट कुठे, अशी अवस्था!

कंपनीने यावर लगेच रुंद टायर चढवले नाहीत, आणि माझा सगळा मुद्दा इथेच आहे. आधी पुढच्या चाकांत हवा कमी आणि मागच्या चाकांत जास्त ठेवायला सांगितलं. पुढच्या बंपरच्या दोन्ही टोकांत प्रत्येकी सुमारे ११ किलोचे ओतीव लोखंडाचे ठोकळे लपवून बसवले. (जर्मन अभियंत्यांनी केलेला हा उपाय आमच्या फोंड्याच्या गॅरेजवाल्यालाही सुचला असता, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.) मग १९६९ च्या मॉडेलला मागची चाकं ५७ मिलिमीटर मागे सरकवून दोन आसांमधलं अंतर २२११ वरून २२६८ मिलिमीटर केलं, आणि एका बॅटरीऐवजी दोन बॅटऱ्या पुढच्या दोन कोपऱ्यांत ठेवल्या. त्या वर्षीच्या ताकदवान 'एस'ला सहा इंची रिम आणि १८५/७० व्हीआर १५ टायर मिळाले. पण चारही सारखेच!

मागे वेगळा टायर या घराण्यात आला तो थेट ऑक्टोबर १९७२ मध्ये, पॅरिसच्या प्रदर्शनात दाखवलेल्या कॅरेरा आरएस २.७ वर. शर्यतीच्या नियमासाठी ५०० गाड्या बनवायच्या होत्या, मागणी एवढी आली की १५८० बनल्या. पुढे सहा इंची रिमवर १८५/७०, मागे सात इंची रिमवर २१५/६०, दोन्ही १५ इंची. त्यासाठी मागचे मडगार्ड फुगवले आणि मागच्या झाकणावर ती प्रसिद्ध बदकाची शेपटी बसवली.

आता कागद-पेन्सिल घ्या. पहिला आकडा म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे कडेची उंची रुंदीच्या किती टक्के, तिसरा म्हणजे रिमचा व्यास इंचांत. १८५ चे ७० टक्के १२९.५, वरची आणि खालची कड मिळून २५९, त्यात १५ इंची रिमचे ३८१ मिळवा, झाले ६४०. मागचा टायर घ्या. २१५ चे ६० टक्के १२९. दोन्ही कडा २५८. अधिक ३८१, झाले ६३९. तीस मिलिमीटर जास्त रुंद टायर, पण उंचीत फरक फक्त एक मिलिमीटरचा! पुढे ९११ टर्बोला १६ इंची रिमवर २०५/५५ आणि २२५/५० मिळाले. त्यांचाही हिशेब करून पाहा, फरक अर्धा मिलिमीटर येतो. हा योगायोग नव्हे. गाडीचा तोल, गिअरचं प्रमाण, काट्यावरचा वेग, काहीही न बिघडवता फक्त मागची पकड वाढवायची, एवढंच त्यांना करायचं होतं.

सप्ताहात पखवाज लावताना पाहिलाय ना? धुमाला कणीक किती लावायची हे शाईच्या बाजूचा सूर ऐकून ठरतं. जास्त थापली म्हणून नाद मोठा होत नाही, उलट तो बसतो.

फॅशनवाले नेमकं हेच करतात. १९७० च्या साध्या 'टी'ला पुढे २०५/५० आणि मागे २२५/५०, दोन्ही १५ इंची. पुढची उंची ५८६, मागची ६०६. गाडी नाकावर पडल्यासारखी झुकते. मागचा टायर मूळच्या ६४० च्या आसपासवरून पाचेक टक्के बुटका झाला, म्हणजे काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी पंचाण्णवच्याच आसपास असते, आणि इंजिन मात्र त्या मानाने जास्त फिरतं. (वाहतूक पोलिसांच्या दृष्टीने हे बरंच म्हणायचं!) आणि फक्त मागेच रबर वाढवत गेलात तर मागची बाजू रस्त्याला चिकटते आणि पुढची चाकं वळायचं नाव घेत नाहीत, स्टेअरिंग फिरवलं तरी गाडी सरळच जाते. म्हणजे एक आजार गेला आणि दुसरा आला.

शिवाय हे टायर मावावेत म्हणून मडगार्ड कापतात. आपल्याकडे १५ जुलै २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार ५० वर्षांहून जुनी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवून 'व्हीए' अक्षरांचा क्रमांक मिळतो. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. टायर उद्या बदलता येतील, कापलेला पत्रा परत येत नाही. फाइलवर बसलेला माणूस म्हणून सांगतो, असल्या अर्जावर शेरा काय येईल ते मला आजच दिसतं.

बरं, ज्यांचं इंजिन पुढे आहे त्यांनी तरी पोर्शेची नक्कल का करावी? एमजीबी घ्या, लोटस एलान घ्या, चारही टायर एकाच मापाचे. एलान तर १९६२ ची, वजन सातशे किलोच्या आत-बाहेर, टायर सायकलचे वाटावेत इतके बारीक: १३ इंची रिमवर जेमतेम १४५ मिलिमीटर. आणि गॉर्डन मरेसारखा माणूस, ज्याने मॅक्लारेन एफ१ घडवली, म्हणतो की आपल्या त्या गाडीला एलानसारखं स्टेअरिंग देता आलं नाही याची खंत राहिली. अशा गाडीला रुंद टायर घातले की स्टेअरिंग जड होतं, बेअरिंगवर जादा भार येतो. आणि पावसात? हलक्या गाडीचा रुंद टायर पाणी कापत नाही, पाण्यावर तरंगतो. जून ते सप्टेंबर आमच्या रस्त्यांवर काय वाहत असतं ते वेगळं सांगायला नको.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो विचार करण्यासारखा आहे: पन्नास वर्षांत टायर सुधारले, मग सोवळं कशाला? रबर सुधारलं हे खरंच. मी जुन्या रबराचा आग्रह धरतच नाही, जुन्या मापाचा धरतो. पिरेलीने आरएसचा सीएन३६ टायर त्याच दोन मापांत, बाहेरून जुना दिसणारा आणि आतून नव्या पद्धतीचा, पुन्हा बाजारात आणला तो याच विचाराने. माझं मत विचाराल तर १९६८ पर्यंतच्या ९११ ला १६५, त्यानंतरच्या गाडीला सहा इंची रिम असतील तर चारही १८५/७०, आणि २१५ फक्त तिला, जिचे मडगार्ड कारखान्यातूनच फुगलेले आले. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे. दोनच नवे घेण्याची ऐपत असेल तर ते मागे घाला. पुढे नवे आणि मागे झिजलेले म्हणजे १९६५ चा आजार पैसे देऊन विकत आणणं.

आपल्याकडे अडचण वेगळी. २००९ च्या गुणवत्ता आदेशाने टायरवर आयएसआय शिक्का लागू केला, जून २०२० मध्ये आयातीला परवाना लागू झाला. कारणं असतील, पण जुन्या गाडीचा मालक चार टायरसाठी परवान्यामागे किती धावणार? मग तो जवळच्या दुकानात जातो आणि कुटुंबाच्या गाडीचा जो १५ इंची टायर मिळेल तो घालतो. त्यावर वेगाचं अक्षर कोणतं हे पाहत नाही. 'टी' म्हणजे १९० किलोमीटरपर्यंत, 'एच' म्हणजे २१०. आरएस २४० च्या आसपास जाणारी! आणि गंमत पाहा, जुन्या गाड्यांसाठी 'स्प्रिंट क्लासिक' टायर विकणारी डच व्रेडेस्टाइन कंपनी २००९ पासून आपल्याच अपोलो टायर्सच्या मालकीची आहे. ते टायर इथे सहज मिळावेत ही मागणी अपोलोकडे जुन्या गाड्यांच्या संघटनांनी एकत्र येऊन करायला हवी. आयएसआयचा प्रश्न तरी त्यांना परका नाही.

आणि टायर हातात आला की बाजूच्या भिंतीवरचे शेवटचे चार अंक वाचा. २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. मेळ्यापुरत्या बाहेर पडणाऱ्या गाडीची नक्षी झिजत नाही, म्हणून टायर नवाच दिसतो. रबर मात्र आतून कडक होत जातं. नोव्हेंबर २०१३ मध्ये कॅलिफोर्नियात अभिनेता पॉल वॉकर ज्या पोर्शे कॅरेरा जीटीत गेला, त्या अपघाताचं कारण तपासात वेग हेच ठरलं. पण गाडीचे टायर नऊ वर्षं जुने होते, याचीही नोंद त्या अहवालात आहे.