धम्मयात्रेच्या पिशवीत वाय-फायची डबी



अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर गेलेली माणसे घरी परततात, आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो, आणि मग आपल्या वस्त्यांतून धम्मयात्रेची बोलणी सुरू होतात. बोधगया, राजगीर, नालंदा, सारनाथ, कुशीनगर, आणि पैशाची जुळवाजुळव झालीच तर सीमेपलीकडचे लुंबिनी. वर्षभर भिशीत साठवलेले पैसे बाहेर निघतात. पिशवीत पांढरी वस्त्रे, वंदनेचे पुस्तक, चिवड्याचा डबा, गोळ्या-औषधे यांच्या जोडीला आता चार्जर आणि पॉवर बँकही असते. अलीकडे त्यात आणखी एका वस्तूची भर पडू लागली आहे. तिला ट्रॅव्हल राउटर म्हणतात. साबणाच्या वडीएवढी ही डबी घ्यावी की न घ्यावी, असे अनेक भगिनी आम्हाला विचारतात. प्रश्न कष्टाच्या पैशाचा आहे, म्हणून आज थोडे विस्ताराने लिहीत आहोत.

सर्वांत आधी एक गैरसमज दूर करू या. ही डबी इंटरनेट तयार करीत नाही. चाळीतल्या सार्वजनिक नळाला आपण पाइप जोडतो, तो घरातल्या पिंपात सोडतो आणि मग घरची माणसे त्या पिंपातून पाणी घेतात, तसे तिचे काम आहे. लॉजचे वाय-फाय, भिंतीतून आलेली इंटरनेटची केबल किंवा आपल्याच मोबाईलचे नेट ती एका बाजूने घेते आणि दुसऱ्या बाजूने आपले स्वतःचे, आपल्या नावाचे व आपल्या पासवर्डचे छोटे वाय-फाय देते. नळालाच पाणी नसेल तर पिंप काय करणार? सिमकार्ड टाकायची डबी वेगळी मिळते. दुकानात दोन्ही शेजारी ठेवलेल्या असतात आणि दिसायलाही सारख्या असतात. तेव्हा "यात सिम लागते की नाही?" हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

मग मोबाईलचा हॉटस्पॉट असताना ही कशाला, असे कोणीही म्हणेल. म्हणणे खरे आहे. नवरा-बायको दोघेच प्रवासाला निघाले असतील आणि दोघांच्या मोबाईलमध्ये रिचार्ज असेल, तर ही डबी अजिबात घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. तेवढ्या पैशात मुलांना पुस्तके येतात. पण हॉटस्पॉटची एक खोड आहे. ज्याच्या खिशात मोबाईल, त्याच्या मागे नेट चालत जाते. बाबा चहाला खाली उतरले की खोलीतल्या मुलीचे काम अर्धवट राहते.

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाचा बोधगयेतला अनुभव सांगण्यासारखा आहे. आई-वडील, आजी आणि दोन मुले. थोरली मुलगी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. तिचा महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज कॉलेजने त्रुटी काढून परत पाठविला होता आणि दुरुस्तीची मुदत नेमकी यात्रेत संपत होती. शिष्यवृत्ती गेली असती तर वर्षाची फी घरातून भरावी लागली असती. वडील कंत्राटी सफाई कामगार आहेत. ती फी कुठून आली असती, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. लॉजची खोली मागच्या बाजूला, चारी बाजूंनी इमारती. मोबाईलला रेंज नाही. लॉजचे वाय-फाय जिन्यापर्यंत येई आणि दाराशी येऊन संपे. जिन्यात उभे राहून मोबाईलवर कागदपत्रे चढवायचा प्रयत्न पोरीने तासभर केला.

त्यांच्या जथ्यातल्या एका शिक्षकाकडे ही डबी होती. त्यांनी ती पॉवर बँकेला लावली आणि दाराच्या वरच्या झरोक्यात ठेवली. तिथे लॉजचे वाय-फाय डबीला मिळाले आणि डबीचे वाय-फाय खोलीत आले. वेग बेताचाच होता, पण जोडणी तुटेना. एवढ्यात दुसरी अडचण लक्षात आली. अर्जासाठीचा ओटीपी वडिलांच्या मोबाईलवर येणार होता आणि वडील महाबोधी महाविहारात दर्शनाला निघाले होते. तिथे मोबाईल आत नेऊ देत नाहीत, बाहेर जमा करावा लागतो. धाकट्याने धावत जाऊन त्यांना वाटेतूनच परत आणले. मग रेंजसाठी वडील मोबाईल घेऊन गच्चीवर उभे, मुलगी खोलीत, आणि धाकटा जिन्यावरून आकडे ओरडून सांगणारा! अर्ज त्या रात्री दाखल झाला. (महाविहाराच्या व्यवस्थापनाचा आणि १९४९ च्या बोधगया टेंपल ॲक्टचा प्रश्न मोठा आहे. त्यावर पहिल्या पानावर लिहिले जातेच, इथे तो विषय नाही.)

ज्यांच्याकडे डबी आहे किंवा जे घेणार आहेत, त्यांच्यासाठी ती चालू कशी करायची ते सांगतो. डबीला वीज द्यायची. पाठीवर तिचे नाव व पासवर्ड छापलेला असतो, त्याने मोबाईल तिच्या वाय-फायला जोडायचा. मग मोबाईलच्या ब्राउझरमध्ये कागदावर दिलेला पत्ता टाकायचा. तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा आकडा असतो. जे पान उघडेल त्यात रिपीटर किंवा डब्ल्यूआयएसपी असा पर्याय दिसेल. तो निवडला की आजूबाजूच्या वाय-फायची यादी येते. त्यातले लॉजचे नाव निवडून त्याचा पासवर्ड भरायचा. पुष्कळ ठिकाणी त्यानंतर लॉजचे स्वतःचे पान येते आणि खोलीचा क्रमांक किंवा मोबाईल नंबर विचारते. ते एकाच मोबाईलवर एकदाच भरायचे. लॉजच्या यंत्राला फक्त आपली डबी दिसते, तिच्या मागची पाच माणसे दिसत नाहीत. त्यामुळे बाकीचे मोबाईल आपोआप चालू होतात. आणि डबीचे नाव-पासवर्ड सर्व मोबाईलमध्ये एकदा घरीच भरून ठेवले, की पुढच्या प्रत्येक मुक्कामी फक्त डबीला नवा नळ दाखवायचा. आजीच्या मोबाईलला पुन्हा हात लावावा लागत नाही.

आता इथे एक प्रश्न उभा राहतो आणि तो आपण बौद्धांनी टाळू नये. लॉजने खोलीमागे दोनच मोबाईलना वाय-फाय देऊ असे सांगितले असेल आणि आपण डबीच्या आडून सात मोबाईल चालवले, तर ते काय झाले? न दिलेले घेऊ नये, हे दुसरे शील आपण रोज सकाळी म्हणतो. यंत्राला कळले नाही म्हणून ते दिलेले ठरत नाही. व्यवस्थापकाला सरळ विचारावे, "आम्ही सहा माणसे आहोत, डबी लावू का?" बहुतेक जण हो म्हणतात. वरच्या कुटुंबातल्या आईनेही आधी विचारले होते.

सुरक्षिततेबद्दल उगाच घाबरवून सोडणारे पुष्कळ लिहिले जाते. वस्तुस्थिती अशी की, बँकांची आणि बहुतेक मोठी संकेतस्थळे आता मजकूर कुलूपबंद करूनच पाठवतात. त्यामुळे शेजारच्या टेबलावरचा माणूस आपला पासवर्ड सहजासहजी वाचू शकत नाही. धोका आहे तो खोट्या नावाच्या वाय-फायचा. लॉजच्या नावासारखेच नाव देऊन कोणीतरी आपले वाय-फाय उघडे ठेवतो, आपण जोडले जातो आणि मग बनावट पान आपली माहिती विचारते. डबी घेतली म्हणून हा धोका टळत नाही, कारण डबीलाही चुकीचा नळ जोडता येतोच. काउंटरवर जाऊन नेमके नाव विचारावे, हाच उपाय. पैशांचे व्यवहार शक्यतो मोबाईलच्या स्वतःच्या नेटवरून करावेत. आणि इतके करूनही पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नये, ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे. जितक्या लवकर कळवाल तितकी ती रक्कम अडवून धरण्याची शक्यता जास्त.

पासवर्डबद्दल एक गोष्ट थोडी हसत सांगतो. आपल्या वस्त्यांतल्या वाय-फायचा पासवर्ड ओळखायला चोर लागत नाही. जयभीम आणि पुढे १२३, नाहीतर १४०४१८९१! बाबासाहेबांची जन्मतारीख हृदयात असू द्यावी, कुलपाला वेगळी किल्ली करावी. डबीला दोन पासवर्ड असतात, एक वाय-फायचा आणि दुसरा तिच्या आतल्या पानाचा. कारखान्यातून आलेला दुसरा पासवर्ड कित्येकदा सर्व डब्यांना एकच असतो, तो पहिल्याच दिवशी बदलावा. आणि तो घरातल्या आईला किंवा मुलीलाही माहीत असावा. घरातले प्रत्येक यंत्र पुरुषाच्याच हातात का असते, हा प्रश्न आम्ही या सदरात पूर्वीही विचारला आहे.

विजेचे गणित सोपे आहे. अशी छोटी डबी साधारण दोन-तीन वॅट वीज खाते. दहा हजार एमएएचच्या पॉवर बँकेवर ती आठ-दहा तास चालते. मुंबईहून गयेपर्यंत गाडीत एका दिवसाहून अधिक वेळ जातो. पण धावत्या गाडीत डबीचा उपयोग फारसा नाही, कारण तिथे नळ म्हणजे आपल्याच मोबाईलची रेंज आणि ती मध्ये मध्ये जातेच. स्टेशनवरचे रेलटेलचे वाय-फाय मोबाईल नंबर व ओटीपी देऊन रोज पहिली तीस मिनिटे मोफत मिळते. तेवढ्यासाठी डबी बाहेर काढू नये. आपला मोबाईल वायरने डबीला जोडून त्याचे नेट सर्वांना देता येते, पण मग सर्वांचे ॲप-अपडेट आणि व्हॉट्सॲपवरचे सुप्रभाताचे व्हिडिओ त्या एकाच रिचार्जवर उतरतात आणि दिवसाचा डेटा नाश्त्यालाच संपतो. आधी प्रत्येकाच्या मोबाईलमधले आपोआप डाउनलोड बंद करावे.

लुंबिनीला मात्र ही डबी खरी कामाला येते. सोनौलीची सीमा ओलांडली की रोमिंगचा रिचार्ज नसलेली आपली सिमकार्डे गप्प होतात. तिथे अतिथिगृहाचे वाय-फाय हाच आधार. पण एक लक्षात ठेवावे, सिम बंद म्हणजे बँकेचा ओटीपीही बंद. वाय-फाय कितीही चांगले असले तरी तो संदेश येणार नाही. महत्त्वाची कामे सीमेअलीकडेच उरकावीत, किंवा जथ्यात निदान एका सिमवर रोमिंग सुरू करून घ्यावे.

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर ती नेऊ का, असेही काहींनी विचारले. नेऊ नये. त्या दिवशी शिवाजी पार्क परिसरात लाखोंचा जनसागर असतो आणि मोबाईलचे टॉवर भारावून जातात. टॉवरलाच श्वास नसताना डबी काय देणार? चार्जिंगची सोय महापालिका तेथे करते. हरवू नये म्हणून भेटायची जागा व वेळ आधी ठरवावी, लहान मुलांच्या खिशात नाव आणि फोन नंबराची चिठ्ठी ठेवावी. ही जुनीच पद्धत तिथे चालते.

घेताना काय पाहावे? एकच रेडिओ असलेली स्वस्त डबी लॉजचे वाय-फाय घेते तेव्हा वेग जवळजवळ निम्मा होतो, कारण ऐकायचे आणि बोलायचे काम तिला एकाच तोंडाने करावे लागते. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन्ही पट्टे असलेली घेतली तर हा त्रास कमी. २.४ चा पट्टा भिंतीपलीकडे जास्त पोचतो, पण त्यावर गर्दी फार. ५ चा वेगवान, पण जवळच्यापुरता. डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ सुरक्षा हवी, यूएसबीवर चालणारी हवी आणि केबल लावायचे भोक हवे. खोलीत केबल मिळाली तर तीच लावावी, वेग निम्मा होत नाही.

आम्हाला विचाराल तर एकेका कुटुंबाने ही खरेदी करण्यापेक्षा विहाराच्या मंडळाने एक डबी घ्यावी. यात्रेला जथा निघाला की वहीत नोंद करून द्यावी, परत आल्यावर जमा करावी. एरवी ती विहाराच्या अभ्यासिकेत लावावी. वस्तीत केबलचे इंटरनेट नसले तरी मंडळाच्या एका मोबाईलच्या रिचार्जवर स्पर्धा परीक्षेला बसलेल्या पाच-सात मुलांना संध्याकाळी दोन तास बसता येते, फक्त व्हिडिओ बघणाऱ्याला आधी उठवावे लागेल. डबी एका जथ्याकडून दुसऱ्याकडे जाताना तिच्या मागच्या बारीक भोकात टाचणी घालून दहा-एक सेकंद दाबून धरायची, म्हणजे आधीचे सर्व पासवर्ड पुसले जातात. किती वेळ दाबायचे ते तिच्याबरोबरच्या कागदावर असते. तो कागद वहीलाच चिकटवून ठेवावा आणि टाचणीही वहीलाच टोचून ठेवावी, नाहीतर ऐन वेळी ती सापडत नाही.