सायकल मुलीची, किल्ली कुणाची?

सरकारी कागदावर सायकल मुलीच्या नावावर असते. पावती तिच्या नावाची, बँकेतलं खातं तिचं, शाळेच्या यादीत नावही तिचंच. पण संध्याकाळी ती सायकल ओट्याला टेकली, की कुलपाची किल्ली कुणाच्या खिशात जाते ते बघावं. (मुलींच्या कपड्यांना खिसे नसतात, हेही त्याचं एक कारण आहेच. पण तेवढंच नाही.)

मैत्रिणींनो, सातबाऱ्यावर बाईचं नाव, घर दोघांच्या नावावर, रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख कोण, या विषयांवर आपण वर्षानुवर्षं बोलतो आहोत, शिबिरं घेतो आहोत. सायकलीसारख्या किरकोळ वस्तूवर बोलायचं म्हटलं तर आपल्यातल्याच काहीजणींना हसू येतं. मला मात्र वाटतं की शिंदखेड्यासारख्या तालुक्यात मुलीच्या मालकीची म्हणता येईल अशी बहुधा ती पहिलीच वस्तू असते. अंगावरचे दागिनेही आईने ठेवून घेतलेले असतात. त्यामुळे मालकी म्हणजे काय, हे ती मुलगी या सायकलीवरूनच शिकते. आज ती काय शिकते आहे, हा माझा प्रश्न आहे.

मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. आमच्या धुळे जिल्ह्यातही ही योजना आहे. २०२२ मध्ये ही रक्कम साडेतीन हजारांवरून पाच हजार झाली. योजना चांगली आहे, यात वाद नाही. बिहारने २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली. त्यानंतर कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अभ्यासकांनी तपासून दाखवलं की माध्यमिक शाळेत येणाऱ्या मुलींचं प्रमाण सुमारे तीस टक्क्यांनी वाढलं, आणि शाळा जिथे लांब होती तिथे फरक जास्त पडला. आपल्यालाही हे दिसतं. एस.टी. चुकली तरी मुलगी शाळेत पोचते, ही साधी गोष्ट नाही.

पण योजनेचा हिशेब 'वाटप' या शब्दापाशी संपतो. किती सायकली दिल्या हे सांगता येतं. दोन वर्षांनी त्यातल्या किती मुलींच्या पायाखाली आहेत, हे कुणी विचारत नाही.

आता सायकलीकडे सायकल म्हणून बघू या. पाच हजारांत साधी, बिनगिअरची लेडीज सायकल येते किंवा थोडे पैसे वर घालावे लागतात. कुलूप, पंप, मागचं कॅरिअर यांचे पैसे बहुतेक वेळा वेगळेच. सगळ्यांत आधी काटछाट होते ती कुलपावर. मग रस्ता. आमच्याकडे शिवारातून येणारी वाट म्हणजे दोन्ही बाजूंना वेडी बाभूळ. उन्हाळ्यात वाळलेला काटा टायरमधून असा आरपार जातो की दर पंधरा दिवसांनी पंक्चर ठरलेलं. पंक्चर काढणारा फाट्यावर बसतो. तिथे पुरुषांचा अड्डा असतो, म्हणून मुलगी एकटी जात नाही. भाऊ घेऊन जातो. भावाने दहा-वीस रुपये दिले आणि तासभर थांबला, की संध्याकाळी एक चक्कर मारायचा हक्क त्याचा झाला. पुढच्या महिन्यात तो ती घेऊन दोंडाईच्याला मित्राकडे जातो. मुलगी त्या दिवशी शाळा बुडवते, किंवा पायी जाते. कुणी हिसकावून घेतलेलं नसतं. पंक्चरच्या वाटेने सायकल तिच्या हातून निघून जाते.

म्हणून मी म्हणते की शिबिरात आपण कायदा शिकवतो तसं पंक्चर काढायलाही शिकवायला हवं. चाक खोलायचीही गरज नसते. टायर एका बाजूने रिमवरून उचकटायचा, ट्यूब ओढून बाहेर काढायची, थोडी हवा भरून पाण्याच्या घमेल्यात फिरवायची. बुडबुडे आले तिथे खूण करायची. पुसून, वाळवून घासपेपरने घासायचं, सोल्यूशन लावायचं आणि लगेच पॅच न चिकटवता ते थोडं सुकू द्यायचं, ही घाई सगळेच करतात. मग पॅच दाबून बसवायचा. आणि ट्यूब परत आत घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा राहिलाय का ते चाचपायचं, नाहीतर घरी पोचेपर्यंत पुन्हा तेच. यात ताकदीचं काम कुठेही नाही. चुलीवर भाकरी फुगवणाऱ्या बाईला हे जमणार नाही असं म्हणणाऱ्याने आधी भाकरी करून दाखवावी.

सीटचंही तसंच. दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत म्हणून घरचे सीट अगदी खाली बसवून देतात. मग गुडघे पोटाशी येतात, चढावर दम लागतो, आणि 'मुलींना सायकल झेपत नाही' असा निष्कर्ष निघतो. पायडल खाली असताना पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा, एवढंच बघायचं असतं. ओढणी मागे गाठ मारून घ्यायची, चेनकव्हर निघालं असेल तर लगेच बसवून घ्यायचं. लेडीज सायकलीची खाली वाकवलेली दांडीसुद्धा घोळदार कपडे घालणाऱ्या बायकांसाठीच आली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी साक्षरता मोहिमेतच सायकल शिकणं घातलं, आणि हजारो खेडूत बायका सायकल शिकल्या. १९९२ च्या महिला दिनाच्या सुमारास तिथे सुमारे १५०० बायकांनी सायकलींवरून मिरवणूक काढली. त्यावर पत्रकार पी. साईनाथ यांनी लिहिलं आहे. लेडीज सायकली पुरेशा मिळेनात तेव्हा त्या बायकांनी जेन्ट्स सायकली घेतल्या, आणि पुढच्या आडव्या दांडीवर मूल बसवता येतं म्हणून काहींना त्याच जास्त आवडल्या. बाईच्या सोयीची वस्तू कोणती, हे बाईला विचारल्याशिवाय ठरवू नये.

आता चोरीबद्दल, कारण ती सगळ्यांत कडू बाब आहे. मुलाची सायकल चोरीला गेली तर घराचं नुकसान होतं. मुलीची गेली तर तिची शाळाच जाऊ शकते. तालुक्यातल्या एका गावातली दहावीतली मुलगी मला माहीत आहे. शाळेच्या आवारातून सायकल गेली. घरी पहिला प्रश्न आला, 'कुलूप का नाही लावलं?' दुसरा प्रश्न आला, 'तू कुठे होतीस?' तिसरं वाक्य प्रश्न नव्हतं. आजी म्हणाली, "पोरनी जात शे, जपाले पाहिजे," म्हणजे सायकल नव्हे, मुलगी. वडील ठाण्यात गेले. तिथे 'अदखलपात्र' म्हणून नोंद करून घेतली आणि शोधून पाहा असं त्यांनाच सांगितलं.

हा त्या अंमलदाराचा उद्दामपणा असं समजून सोडून देऊ नका, कारण कायदाच तसा झाला आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. जुन्या दंड संहितेच्या कलम ३७९ खाली चोरी कितीचीही असो, दखलपात्र होती. नव्या संहितेच्या कलम ३०३ (२) मध्ये पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी वेगळी काढली आहे. पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली तर त्याला समाजसेवेची शिक्षा. किरकोळ गुन्ह्यासाठी गरीब पोराला तुरुंगात न टाकणं मला मान्यच आहे. पण त्यासोबत हा गुन्हा अदखलपात्रही केला गेला. म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. आता हिशेब बघा. सरकार मुलीला सायकलीसाठी पाच हजार देतं, आणि सायकल दुकानातून बाहेर पडून चार महिने वापरली की तिची किंमत पाच हजारांच्या खाली येते. सरकारनेच दिलेल्या सायकलीची चोरी अशी कायद्याच्या दखलीबाहेर जाते. पाच हजारांची ती रेषा ज्यांनी आखली त्यांच्या डोळ्यांसमोर शहरातलं पाकीट असेल. शाळेच्या कुंपणाला टेकलेली सायकल नसावी.

तरीही करण्यासारखं बरंच आहे. सायकल घराच्या आतून किंवा वस्तू ठेवायच्या खोलीतून गेली असेल तर कलम ३०५ लागू शकतं, आणि तो गुन्हा दखलपात्र आहे. तक्रार लिहिताना चोरी कुठून झाली हे नेमकं लिहा. अदखलपात्र नोंद झाली तर तिची प्रत मागून घ्या, आणि तपासाच्या आदेशासाठी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ प्रमाणे दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. सायकलीच्या सांगाड्यावर नंबर कोरलेला असतो, बहुधा पायडलच्या जोडाखाली किंवा सीटच्या नळीवर. तो वहीत उतरवून ठेवा. पावती जपा. आणि शाळांकडे आपण मागणी करायला हवी ती साधी आहे: जमिनीत पुरलेला एक लोखंडी पाइप, ज्याला साखळी घालून सायकली बांधता येतील. मागच्या चाकाला लावायचं छोटं कुलूप असलेली सायकल उचलून टेम्पोत टाकायला एक मिनिट लागतं.

जुन्या बायकांशी बोलताना आणखी एक गोष्ट कळते. तीच आजी म्हणाली, "आमना टाइमले सायकल नवरदेवले भेटे." घड्याळ, सायकल, रेडिओ ही हुंड्याची यादी आपल्या सगळ्यांच्या घरात ऐकलेली आहे. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा, तरी पुढे कितीतरी वर्षं मुलीच्या बापाने घेतलेली सायकल जावयाच्या टांगेखाली गेली. नंतर तिची मोटरसायकल झाली. आज सरकार सायकल थेट मुलीला देतं, हा बदल लहान नाही. पण बारावी झाली, लग्न ठरलं, की ती सायकल माहेरीच राहते. भांडीकुंडी पाठवतात, कपाट पाठवतात, सायकल पाठवत नाहीत. सासरी सुनेने सायकलवर दळण आणायला जाणं अजून कमीपणाचं वाटतं, आणि तिथे तिला दुसऱ्याच्या गाडीच्या मागे बसायचं असतं.

राहिला शर्यतीचा विषय. संमेलनात, हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात बायका-मुलींसाठी एक स्पर्धा हमखास असते: स्लो सायकल. जी सगळ्यांत शेवटी पोचते ती जिंकते! स्पर्धा गमतीची आहे, तोल लागतो, मान्य. पण मुलांना वेगाची आणि मुलींना संथपणाची शर्यत लावायची, हे इतक्या सहज कसं सुचतं याचा विचार करा. जगातही फार वेगळं घडलं नाही. ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या सायकल शर्यती १८९६ पासून आहेत, बायकांची पहिली १९८४ मध्ये झाली. आपल्याकडे बैलगाडा शर्यतींसाठी मोठा लढा झाला आणि मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मान्यही केल्या. मुलींच्या शर्यतीला तर कुणाची बंदीच नाही, तरी ती होत नाही. भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यातून आलेली मयूरी लुटे देशाच्या संघातून ट्रॅकवर धावते. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ मध्ये विसाव्या वर्षी सायकलीवरून जगाला वळसा घातला, वाटेत स्पेनमध्ये चाकूच्या धाकाने लुबाडली गेली, तरी पुढे गेली. ती परत आली नाही म्हणून कुणी तिला शाबासकी दिली असेल, पण आमच्या गावात अशा प्रसंगानंतर मुलीला काय ऐकावं लागलं असतं ते मी वर लिहिलंच आहे.

तेव्हा येत्या थंडीत शिंदखेड्याहून दोंडाईच्याच्या रस्त्यावर सकाळी मुलींची शर्यत घ्यावी, खरी, वेगाची, असं आमच्या गटात ठरतं आहे. योजनेतल्याच सायकली चालतील, महागड्या नकोत. शर्यतीआधी दोन रविवार पंक्चर आणि ब्रेकची दुरुस्ती. आणि जून महिन्यात शाळा उघडल्यावर प्रत्येक गटाने एका शाळेत जाऊन तीन गोष्टी मोजून आणाव्यात: वाटप झालेल्यांपैकी किती सायकली आज आवारात उभ्या आहेत, कितींना कुलूप आहे, आणि रविवारी ती सायकल कोण चालवतं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मुलींकडूनच घ्यावं, आणि तेव्हा भाऊ शेजारी उभा नसावा.