पंक्चर काढता येत नसेल, तर हवेच्या वस्तू भाड्याने देऊ नका



उन्हाळा आला की मुलांचे फुगवायचे टब, पाहुण्यांसाठी हवेच्या गाद्या भाड्याने द्यायचं अनेकांच्या डोक्यात येतं. कल्पना चांगली आहे. पण माझं मत ऐका: पंक्चर काढता येत नसेल, तर यात पैसे घालू नका. भाड्याच्या धंद्यात एकच वस्तू पुन्हा पुन्हा बाहेर गेली तरच पैसे सुटतात. तिसऱ्या फेरीत टाचणीएवढं भोक पडलं आणि तुम्ही ती फेकून दिली, तर नफा भंगारात गेला.

काम अवघड नाही. आधी खरंच लीक आहे का बघा. हवेची गादी पहाटे थोडी मऊ लागतेच. गारव्यात आतली हवा आकसते, नवं प्लास्टिकही ताणतं. मग व्हॉल्व्हचं बूच तपासा. त्यानंतर वस्तू फुगवून साबणाचं पाणी फिरवा. बुडबुडे आले की भोवती मार्करने मोठा गोल करा. हवा काढा, जागा कोरडी करा, स्पिरिटने तेलकटपणा पुसा. तसल्याच पीव्हीसीचा गोल तुकडा कापा, भोकापेक्षा सगळीकडून दोन-तीन सेंटिमीटर मोठा. मऊ पीव्हीसीसाठी मिळणारा गोंद पातळ लावा, वर वजन ठेवा आणि 24 तास हात लावू नका.

चूक होते ती घाईत. झटपट चिकटणारा गोंद वाळून कडक होतो, घडी घातली की तडकतो. सायकलच्या ट्यूबचं सोल्युशन रबरासाठी असतं, पीव्हीसीवर त्याचा भरवसा नाही. आणि हे 24 तास तुमच्या हिशेबात धरा. आज संध्याकाळी परत आलेला फाटका टब उद्या सकाळी देतो असं कुणाला कबूल करू नका. एक वस्तू जादा ठेवा.

काही जण म्हणतील, "सर, पॅच दिसला की गिऱ्हाईक नाक मुरडतं." मुरडू दे! रात्रभर फुगवून ठेवा, सकाळी दाबून दाखवा, पॅच आहे हे आधीच सांगा. लपवलेला पॅच एकदा सुटला की ते गिऱ्हाईक परत येत नाही.

एक गोष्ट मात्र पक्की ठरवा. पोहायची रिंग, दंडाला बांधायचे फुगे, लाइफ जॅकेट यांना पॅच मारून कुणालाही द्यायचं नाही. गादीचा पॅच सुटला तर झोप जाईल, रिंगचा सुटला तर एखादं मूल जाईल. तिथे दोन-चारशे रुपये वाचवणं म्हणजे धंदा नव्हे.

तर आधी घरातली एक फुसकी गादी काढा, दोन-तीन पॅच मारून बघा. ती आठवडाभर टिकली की मगच नवा माल घ्यायला बाहेर पडा.